सीना ओढ्याला घेईना

माझं तोंड फटकळ आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला सांगायला नको. सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात मी शिलाईवर बसते. तिथल्या मशिनींच्या खडखडाटात हळू बोलून भागत नाही, आणि घरी आल्यावरही तो आवाज लगेच खाली येत नाही. माझ्या सासूबाई म्हणतात, हिला माहेरानंच असं करून धाडलंय. त्यांना मी आत्या म्हणते. माझं लग्न झाल्यापासून आमच्या दोघींचं कधी धड जमलं नाही. एकमेकींशिवाय चाललंही नाही म्हणा, पण ते कबूल कोण करणार.

आमचं रान दक्षिण सोलापुरात, सीनेच्या काठाला. गाव उंचवट्यावर आहे. गाव आणि आमची वस्ती यांच्या मधून एक ओढा जातो आणि थोडं पुढं जाऊन सीनेत पडतो. वस्ती म्हणजे शेतातलंच घर. मातीच्या भिंतींच्या दोन खोल्या, पुढं पत्र्याचा सोपा, बाजूला गोठा. पुढच्या दारातून नदी दिसते, मागच्या दारातून ओढा. गावातून वस्तीवर जायला ओढ्यावर एक फरशी आहे. फरशी म्हणजे सिमेंटचा बुटका पूल, त्याला कठडे नसतात. पाणी जास्त झालं की ते वरूनच जातं, आणि आपण अलीकडं उभं राहून ते उतरायची वाट बघायची.

पण वाट बघायची पाळी येतेच कधी? आमची सीना म्हणजे वर्षाचे कितीतरी महिने नुसता वाळूचा रस्ता. आमच्याकडं दुष्काळाचं विचारा, शेंबडं पोरगंही सगळं सांगेल. पुराचं विचारलं तर म्हातारी माणसंसुद्धा ऐकीव गोष्टी सांगतात. त्यामुळं पाण्याला कसं भ्यायचं हेच आम्हाला नीट ठाऊक नाही.

आत्या मैंदर्गीकडच्या, म्हणजे निम्म्या कानडी. ओढ्याला त्या अजून हळ्ळच म्हणतात. नदी म्हणजे सासरी नांदायला निघालेली बाई आणि ओढे म्हणजे तिचे भाऊ, असं त्यांचं म्हणणं. रानातलं पाणी बांधावरून ओघळीत उतरतं, ओघळी ओढ्याला मिळतात, आणि ओढा ते सगळं घेऊन बहिणीच्या दारात जातो. कुणी माती नेतो, कुणी पालापाचोळा, कुणी कडब्याची धाटं. "बहीन कुनाला न्हाई म्हनत न्हाई," असं त्या म्हणायच्या. सीना पुढं भीमेला मिळते, ती थोरली बहीण. हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की त्या सुरू झाल्या की मी उठून भांडी घासायला घ्यायची.

नदीला पाणी आलं की काठच्या घरांनी तिची ओटी भरायची, ही आमच्या गावची रीत. हिरवा खण, नारळ, मूठभर तांदूळ, हळदकुंकू. खणात नारळ ठेवून गाठ मारायची आणि पाण्यात सोडायचा. प्रत्येक घराची जागा ठरलेली. आमची जागा ओढ्याच्या तोंडाशी, जिथं तो सीनेत पडतो तिथं. ओटी घरातल्या थोरल्या सुनेनं भरायची, आणि ती सवाष्ण पाहिजे. नवरा नसलेल्या बाईनं त्या ताटाला बोटही लावायचं नाही.

सासरे गेले तेव्हापासून आत्यांनी ते बोट लावलेलं नाही. नदीच्या ओटीला नाही आणि माणसाच्याही नाही. माझ्या धाकट्या लेकीच्या वेळचं डोहाळजेवण मला आठवतं. मी पाटावर बसले होते, आणि आत्या स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. आदल्या दिवसापासून माझ्यासाठी रांधत होत्या त्याच बाई दारातून पुढं येईनात. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "आत्या, तुमी भरा की माजी ओटी." त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि आत निघून गेल्या. थोड्या वेळानं पोळ्या लाटल्याचा आवाज यायला लागला. मला त्याचा भयंकर राग आला होता. ज्यांनी हा नियम काढला त्यांच्यापेक्षा तो मुकाट पाळणाऱ्या बाईचाच जास्त आला. माझी आई मी लहान असतानाच गेली. मला यांच्याच हातचं कुंकू पाहिजे होतं, दुसऱ्या कुणाचं नको होतं.

तर नवरात्र जवळ आलं होतं आणि पाऊस हटेना. वरच्या धरणांतून पाणी सोडलंय असे निरोप मोबाईलवर फिरत होते. माझा नवरा ट्रक घेऊन हैदराबादला गेलेला. सकाळीच आत्यांचा फोन आला.

"ये तू. वटी भरायची हाय."

मी म्हणाले, "आत्या, आधी घरातलं सामान हलवा. वटीचं मग बघू."

"सामान कुटं पळून चाललंय? आधी वटी," आणि फोन ठेवून दिला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं तर सुंभही धडधाकट होता.

आमच्या गल्लीत एक भाई राहतात. त्यांची पिकअप आहे, चादरींचे गठ्ठे वाहतात. मी त्यांना म्हटलं, भाई, वस्तीवरचं सामान गावात टाकायचंय, चला. बिचाऱ्यांनी चहाचा कप तसाच ठेवला. होटगीच्या फाटकात मालगाडीनं आम्हाला अडवलं. ती संपता संपेना, आणि मी शेजारी बसून आत्यांच्या नावानं बोटं मोडत होते. भाई नुसतं "हां भाभी, हां भाभी" करत होते.

गावात पोचले तर दिरानं जनावरं आधीच शाळेच्या पटांगणात नेऊन बांधलेली. आत्या ओढ्याच्या अलीकडच्या काठाला, भावकीतल्या दोन बायकांबरोबर, ताट तयार ठेवून उभ्या होत्या. म्हणजे ताट त्या बायकांच्या हातात होतं, आणि आत्या चार हात लांब, बाभळीखाली.

वळून सीना बघितली. काठोकाठ भरलेली, गढूळ, अख्खी झाडं घेऊन चाललेली. आमच्या रानाचं नदीकडचं अंग उंच आहे, मातीचा दांडगा बांध आहे तिथं. त्यामुळं सगळ्यांचे डोळे त्या बांधाकडं लागले होते. बांधाला अजून पुष्कळ जागा होती. ओढ्याकडं कुणी बघत नव्हतं. ओढा काय, रोजचाच.

मी म्हणाले, "आत्या, वटी तुमीच भरा की. नदीला काय कळतंय कोन सवाष्ण आन कोन न्हाई?"

भावकीतली बाई दचकून माझ्याकडं बघायला लागली. आत्यांचा चेहरा पडला. "आसलं बोलू नगं. आज तर बोलूच नगं," एवढंच म्हणाल्या. मग मी तणतणत ताट घेतलं, हळदकुंकू वाहिलं, खणाला गाठ मारली आणि नारळ पाण्यात सोडला. मनात भक्ती वगैरे काही नव्हती, राग होता. वस्तीवरचं सामान हलायचं होतं, आभाळ वरच्या अंगाला काळं होऊन बसलं होतं, आणि आम्ही नदीला खण देत बसलो होतो.

नारळ थोडा पुढं गेला आणि तोंडाशीच थांबला. गोल गोल फिरायला लागला. मी ओढ्याकडं बघितलं तर सकाळपासून खळखळत असलेलं पाणी गप्प झालेलं. तळ्यासारखं.

"गेली का गं?" आत्यांनी लांबून विचारलं.

"थांबलीय," मी म्हणाले. जे दिसलं ते सांगितलं.

त्यावर आत्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. त्यांच्या सासूनं त्यांना सांगून ठेवलं होतं, नदीनं ओटी घेतली की पाणी थांबतं, बाई ओटी घ्यायला पदर पसरून उभी राहते तसं. "थांबली म्हंजे घेतली," आत्या म्हणाल्या. भावकीतल्या बायकांनीही माना डोलावल्या. "घेतली बघा. ओढा पन उतरला. आता उतरंलच नदी." खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. पाणी पळताना दिसलं की भीती वाटते, थांबलेलं दिसलं की जीव भांड्यात पडतो. कुणाचाही पडेल.

ओटी घेतली की घरच्या चुलीवर दहीभाताचा नैवेद्य शिजवून नदीला दाखवायचा, ही पुढची रीत. आत्या लगेच वस्तीवर निघाल्या. मी म्हणाले, "गावात गॅस हाय, तितं शिजवा."

"नदी आपल्या दाराशी आली हाय. तिला लोकाच्या चुलीवरचं दावू व्हय?"

फरशीवरून पाणी नव्हतं, कडेला टेकलेलं होतं. तेवढ्यातून त्या पदर खोचून ताडताड निघून गेल्या. भाईंनी ती बिनकठड्याची फरशी बघितली आणि पिकअप अलीकडंच थांबवली. नैवेद्य झाला की माणसं बोलवून सामान हातानं आणू, असं ठरलं. भावकीतल्या बायका गावात गेल्या. मी फरशीच्या तोंडाशी दगडावर बसून चपलेचा चिखल काटकीनं काढत राहिले.

आवाज कसलाच नव्हता, आणि तेच वाईट. पाणी वाढलं की गर्जना होते, असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. माझ्यासमोरून कडब्याचं एक धाट पाण्यावरून हळू गेलं. मी बघितलं आणि परत चपलेकडं वळले. मग दुसरं गेलं. मग शेणीचा एक तुकडा गेला, त्यावर मुंग्यांचा पुंजका. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. ही सगळी नदीकडून येऊन वरच्या अंगाला चालली होती. ओढा चढाकडं चालला होता.

आणि मग ती आली. हिरव्या खणातली गाठ, वर आलेली नारळाची शेंडी, माझ्याच हातची. नदीच्या तोंडाकडून सावकाश येऊन फरशीवरून तरंगत वरच्या अंगाला गेली आणि अलीकडच्या काठच्या बाभळीच्या फांदीत अडकली. फरशीवरून गेली म्हणजे फरशी पाण्याखाली गेली होती. माझ्या पायाशी ओलं लागत होतं आणि मला पत्ता नव्हता.

आता बसून विचार केला की सगळं सरळ दिसतं. खाली भीमा भरून चाललेली, ती सीनेला घेईना. सीनेचं पाणी तुंबलं, ती ओढ्याला घेईना. ओढा दारातून माघारी फिरला आणि फिरताना नदीलाच मागं घेऊन आला. पुढच्या बांधावर आम्ही सगळे डोळे लावून बसलो होतो, आणि नदी मागच्या दारानं घरात शिरत होती. ज्याला आम्ही ओटी घेतली म्हणालो, ते घेतलेलं नव्हतं. तिला घ्यायला जागाच उरली नव्हती.

मी हाका मारल्या. माझा आवाज कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला जातो, पण आत्या आत चूल फुंकत बसलेल्या. मग फोन लावला. लई वेळ वाजत राहिला. शेवटी उचलला.

"आत्या, भाईर या. आत्ताच्या आत्ता."

"भात ठिवलाय. हुईल एवढ्यात."

"भात ऱ्हाऊ दे. पानी उलटं चढतंय. मागचं दार उघडून बगा."

"उगं काय तरी बोलू नगं. नैवेद्य अर्धा टाकून येऊ व्हय?"

"आत्या, वटी परत आलीय."

पलीकडं चुलीत काटकी मोडल्याचा आवाज ऐकू आला. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "आसं हुत न्हाई," आणि फोन बंद.

दिराला फोन लावला. तो म्हणाला, "आलोच वैनी, टॅक्टर काढतो." गावातून येणारी पाणंद म्हणजे चिखलाचा डोह, ट्रॅक्टरलाही वेळ लागणार हे मला दिसत होतं. भाई वर आभाळाकडं बोट करून म्हणाले, "भाभी, उप्पर पानी पडरा. वो आयेगा तो?"

तेच माझ्याही मनात होतं. सध्या फरशीवरचं पाणी गप्प होतं, कारण नदीनं ते धरून ठेवलं होतं. पण वरच्या रानांतून ओढ्याचं स्वतःचं पाणी निघालेलं असणार. ते आलं की या गप्प पाण्याला धार लागणार, आणि मग फरशीवर हत्तीही उभा राहायचा नाही. म्हणजे जायचं तर आत्ताच.

भाईंकडं गठ्ठे आवळायचा नायलॉनचा दोर होता. त्याचं एक टोक पिकअपच्या हुकाला बांधलं, दुसरं माझ्या कमरेला. "मैं जाता," ते म्हणत होते. मी म्हटलं, "भाई, फरशी कुटं वळती ते तुमाला म्हाईत न्हाई. लगीन झाल्यावर मी रोज डोक्यावर पाटी घिऊन गेलीय हितनं. तुमी दोर सोडू नका, बास." पोहायला मलाही येत नाही. हे त्यांना मी सांगितलं नाही.

पाणी आधी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. खाली काय आहे ते दिसत नव्हतं, आणि चुकून कडेवर पाय पडला तर बाजूला ओढा किती खोल आहे हे मला चांगलं ठाऊक होतं. भाईंनी दिलेल्या बांबूनं मी कडा चाचपत होते. फरशीच्या मधे एका जागी सिमेंट उखडलंय, तिथं ठेच लागली तेव्हा मला हायसं वाटलं, कारण ठेच ओळखीची होती. मी मोठ्यानं बोलत चालले होते. आत्यांना शिव्याच देत होते म्हणा ना. गप्प राहिले असते तर पाय उचलले नसते.

पलीकडं पोचले. मागच्या दारातून पाणी आत गेलं होतं आणि सोप्यातून नदीकडं बाहेर पडत होतं. आत्या सोप्यातच उभ्या होत्या, डोक्यावर झाकलेलं पितळी पातेलं. चूल विझलेली, पण भात त्यांनी उतरवून घेतला होता.

"चला."

त्या जागच्या हलेनात. "खरंच परत आली?"

"व्हय. बाभळीत अडकलीय. चला."

माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तू रागानं भरलीस."

इतक्या पाण्यातून जीव मुठीत धरून आले आणि हे ऐकायला मिळालं. माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं. पण ती वेळ रडायचीही नव्हती आणि भांडायचीही नव्हती. मी म्हणाले, "व्हय, रागानंच भरली. आता तुमी मराल आन मी जन्मभर ते आयकत बसंन. पाय उचला." दोराचा एक वेढा त्यांच्या कमरेला घातला, गाठ मारली आणि दंड धरला.

निघालो. पातेलं त्या सोडेनात. एक हात पातेल्याला, एक माझ्या हातात. पाणी आता माझ्या मांडीला आणि त्यांच्या कमरेला लागत होतं. मी पुढं, त्या मागं. "टाका ते पातेलं," मी म्हणत होते. "नैवेद्य हाय त्यो," त्या म्हणत होत्या. भाई दोर थोडा थोडा ओढून घेत होते. उखडलेलं सिमेंट पायाला लागलं, म्हणजे निम्मं अंतर झालं होतं.

तेवढ्यात पाणी हललं. आधी माझ्या मांडीच्या वरच्या अंगाला थंड लागलं. नदीचं पाणी कोमट होतं, हे गार होतं, वरून आलेलं, ताज्या पावसाचं. बांबू हातातून वाकला. मग लांबून आवाज आला, खडी ओतल्यासारखा. गप्प पाण्याला सुरकुती पडली, कडब्याची धाटं जागीच फिरली आणि परत नदीकडं तोंड करून पळायला लागली. ओढ्याचं पाणी आलं होतं.

"आत्या," मी म्हणाले, "दोनी हातांनी धरा मला."

त्यांनी क्षणभर वर बघितलं. मग डोक्यावरचा हात काढला. पातेलं पाठीमागं पाण्यात पडलं, झाकण एकीकडं आणि भात एकीकडं, आणि दोन्ही हातांनी त्यांनी मला पाठीमागून कमरेशी मिठी मारली. त्या बाईनं मला लग्नानंतर कधी जवळ घेतलेलं मला आठवत नाही. इतकं घट्ट धरलं होतं की मला श्वास घेता येईना.

पुढचं मला तुटकतुटकच आठवतं. पाय सुटले. दोर कमरेत रुतला. तोंडात माती गेली. भाई ओरडत होते आणि पिकअपचं इंजिन ओरडत होतं, त्यांनी गाडी मागं घ्यायला सुरुवात केली होती. कुणीतरी माझे केस धरले. तो माझा दीर होता, ट्रॅक्टरवरून उडी मारून छातीइतक्या पाण्यात आलेला. त्यानं आधी माझा हात धरला, मग आईचा. काठाच्या चिखलात आम्ही तिघं एकमेकांवर पडलो. मी मागं वळून बघितलं तर फरशी जिथं होती तिथून लालभडक पाण्याचा लोट चालला होता.

आरडाओरडा ऐकून गावातली माणसं धावत आली होती. सगळ्यांच्या समोर वस्तीची मागची भिंत खाली बसली. मातीची भिंत पडताना फार आवाज होत नाही. पत्रे मात्र वाजले. दीर डोक्याला हात लावून खाली बसला. आत्या एकटक तिकडं बघत होत्या. त्या घरात त्या नांदायला आल्या होत्या, आणि सासरे तिथंच गेले होते.

अशा वेळी माणसांनी गप्प बसावं की नाही? पण भावकीतली ती बाई, ताट जिच्या हातात होतं ती, मागून म्हणालीच, "थोरलीचं सकाळधरनं त्वांड चालूच हुतं. रागानं भरल्याली वटी नदी कशी घील? आली की माघारी."

आणखी दोघींनी मान डोलावली. माझी मान खाली गेली. आत्याही तिकडं तेच म्हणाल्या होत्या ना. आता गावभर तेच होणार, आणि घर गेल्याचं खापर कायमचं माझ्या डोक्यावर फुटणार, हे मला समजून चुकलं.

आत्या उठल्या. निथळतच बाभळीपाशी गेल्या. फांदीत अडकलेला नारळ अजून तिथंच होता. तो त्यांनी सोडवला, खण पिळला, गाठ परत नीट मारली. मग येऊन त्या बाईसमोर उभ्या राहिल्या.

"करंडा दे."

त्या बाईला कळेना. "कशाला?"

"कुकवाचा करंडा दे म्हन्ते."

"आवो, तुमी कसं..." ती म्हणाली, आणि पुढचं तिनं गिळलं. नैवेद्याच्या वेळी लागणार म्हणून कमरेला खोचलेला करंडा तिनं आता छातीशी धरून ठेवला होता. आत्यांनी हात पुढं केला तो मागं घेतला नाही. सगळी माणसं बघत होती. शेवटी तिनं करंडा दिला.

आत्यांच्या ओल्या बोटाला कुंकू भरपूर लागलं. सासरे गेल्यापासून त्या बोटानं कुंकवाला शिवलेलं नव्हतं. त्यांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं. ते नाकापर्यंत ओघळलं.

"पदर पसर."

माझा पदर ओढ्याच्या पाण्यानं आणि चिखलानं जड झालेला. तो मी पसरला. त्यांनी खणासकट नारळ त्यात ठेवला. "तांदूळ न्हाईत," म्हणाल्या, "गेले पान्यात. चालतंय."

मग मागं न बघताच त्या बायांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "नदीपाशी जागा न्हवती म्हनून माघारी आली ती. माज्यापाशी हाय."

मी वाकून त्यांच्या पायाला हात लावला, आणि नारळ सांडू नये म्हणून दुसऱ्या हातानं पदर घट्ट धरून ठेवला.